आवाज पितळेचा की हवेचा?

“सर, प्लॅस्टिकचा आवाज खोटा असतो का?”

नववीत शिकणाऱ्या एका मुलाने गेल्या जानेवारीत मला हा प्रश्न विचारला. न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची वस्ती आहे. रात्रंदिवस कंटेनर वाहून नेणाऱ्या गाड्यांची घरघर आमच्या कानांना सवयीची झाली आहे. त्या घरघरीतून त्या संध्याकाळी हा मुलगा आला तो रडवेला होऊन. शाळेच्या बँडपथकात तो ट्रम्पेट वाजवतो. शाळेत ट्रम्पेट एकच आणि वाजवणारी मुले चार. चौघांचे ओठ एकाच पितळी माउथपीसला लागायचे. त्या माउथपीसवरचा चांदीचा मुलामा कधीच उडाला होता आणि कडेवर हिरवट थर धरला होता. डिसेंबरात दोन मुलांच्या ओठांवर पुटकुळ्या उठल्या. या मुलाच्या आईने त्याला बजावले, “दुसऱ्याचा उष्टा माउथपीस तोंडाला लावायचा नाही.” मुलाचा मामा जहाजावर नोकरीला. त्याने परदेशातून येताना भाच्यासाठी निळ्या प्लॅस्टिकचा एक माउथपीस आणला. मुलगा हरखून तो शाळेत घेऊन गेला, तर बँडमास्तरांनी तो हातात घेऊन परत दिला. म्हणाले, “हे खेळणे आहे. प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात पितळच वाजेल.”

म्हणजे मुलापुढे दोनच वाटा उरल्या. आईचे ऐकून पथक सोडायचे, नाहीतर मास्तरांचे ऐकून सर्वांचा उष्टा माउथपीस तोंडाला लावायचा. विद्यार्थी मित्रांनो, एका लहानशा वस्तूवरून कोणाचे तरी वाजवणेच बंद होणार असेल, तर तो प्रश्न क्षुल्लक राहत नाही. त्याचे उत्तर ‘मला वाटते’ म्हणून देता येत नाही. ते तपासून द्यावे लागते.

प्रथम आपण ट्रम्पेट वाजतो कसा ते पाहू. सनईला पत्ती असते, पेटीला पितळी सूर असतात. ट्रम्पेटला असे काहीच नसते. तेथे थरथरतात ते वाजवणाऱ्याचे ओठ. ओठ घट्ट मिटून त्यांच्या फटीतून हवा सोडली की ते भराभर उघडझाप करतात आणि हवेचे झोत तुटक तुटक नळीत शिरतात. नळीतली हवा या झोतांना प्रतिसाद देते. पुढच्या रुंद तोंडाशी पोहोचलेल्या ध्वनिलहरींचा काही भाग बाहेर पडतो, उरलेला परावर्तित होऊन मागे येतो व ओठांच्या उघडझापेला योग्य वेळी धक्का देतो. झोक्यावर बसलेल्या मुलाला ठरावीक क्षणी ढकलले की झोका चढत जातो, तसेच हे आहे. यालाच आपण अनुनाद म्हणतो.

याच तत्त्वावर चालणारी वाद्ये आपल्या ओळखीची आहेत. देवळातला शंख हा समुद्रातल्या प्राण्याचे कवच, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. मिरवणुकीतली तुतारी तांब्यापितळेची. कोणा देशात मेंढ्याचे शिंग फुंकतात, ऑस्ट्रेलियातले आदिवासी पोकळ झालेला लाकडी ओंडका फुंकतात. २०१० साली दक्षिण आफ्रिकेत फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा ज्या वुवुझेलांनी साऱ्या जगाचे कान किटले त्या तर निव्वळ प्लॅस्टिकच्या होत्या. चुना, धातू, शिंग, लाकूड, प्लॅस्टिक! या सर्वांतून आवाज निघतो आणि प्रत्येकात कंप पावते ती आतली हवा. वाद्याचे द्रव्य हे त्या हवेला आकार देणारे भांडे आहे.

मग माउथपीस कशासाठी हवा? त्याचे पाच भाग ध्यानात ठेवा. ओठांना टेकते ती कड. तिच्या आतली पोकळी म्हणजे वाटी. वाटीच्या तळाशी बारीक भोक असते, तो गळा. गळ्यापासून मागे रुंदावत जाणारी नळी आणि तिच्याभोवतीची निमुळती दांडी. ही दांडी वाद्यात घट्ट बसते. ट्रम्पेटच्या माउथपीसच्या कडेचा आतला व्यास साधारण १६ ते १७ मिलिमीटर असतो आणि गळा सुमारे ३.७ मिलिमीटर. एवढ्याशा वस्तूचे काम मात्र मोठे आहे. एका टोकाला बंद असलेल्या सरळ नळीचे अनुनाद १ : ३ : ५ अशा विषम प्रमाणात असतात, हे तुम्ही पुढे अकरावी-बारावीत शिकाल. पण नेहमीच्या ‘बी-फ्लॅट’ ट्रम्पेटवर कळ न दाबता वाजणारे सूर सेकंदाला सुमारे २३३, ३५० व ४६६ कंपनांचे असतात, म्हणजे २ : ३ : ४ या प्रमाणात. विषमाचे हे गोड प्रमाण झाले कसे? पुढच्या भोंग्याने खालचे अनुनाद वर सरकवले आणि माउथपीसने वरचे अनुनाद खाली ओढले. वाटीचे आकारमान किंवा गळ्याचा व्यास थोडा बदलला की वाद्य बेसूर होऊ लागते. वाद्यांच्या ध्वनिशास्त्राचे मोठे अभ्यासक आर्थर बेनेड यांनी माउथपीसचे एकूण आकारमान आणि त्याची स्वतःची कंप्रता या दोन गोष्टींवर भर दिला होता. या दोन्ही गोष्टी ठरतात आतल्या पोकळीच्या आकारावरून. त्यांत द्रव्याचे नाव येत नाही.

कोणी म्हणेल, “पण पितळेची भिंतही थरथरत असेलच की!” शंका रास्त आहे. हिशेब करू. हवेला दाबण्यासाठी लागणारा जोर आणि प्लॅस्टिकला दाबण्यासाठी लागणारा जोर यांची तुलना केली, तर पॉलिकार्बोनेट नावाचे कठीण प्लॅस्टिक हवेच्या सुमारे सतरा हजार पट ताठ भरते. पितळ त्याच्याही चाळीसपट ताठ आहे. पण मुंगीच्या दृष्टीने विटेची भिंत आणि दगडाची भिंत यांत फरक काय? दोन्ही सारख्याच अचल. माउथपीसच्या जाड, आखूड भिंतीची हवेच्या दृष्टीने तीच गत आहे. १९७१ साली अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ जॉन कोल्टमन यांनी चांदी, तांबे आणि लाकूड यांच्या सारख्या मापांच्या बासऱ्या करून चाचणी घेतली. ऐकणाऱ्यांना त्या ओळखता आल्या नाहीत आणि कोणती हातात आहे हे न कळता वाजवणाऱ्यांनाही आल्या नाहीत. बासरी म्हणजे ट्रम्पेट नव्हे हे खरे, पण ‘द्रव्यामुळेच स्वर’ या समजुतीला तेव्हा चांगलाच धक्का बसला.

एवढे समजावून मी त्या मुलाला छातीठोकपणे सांगितले, “काही फरक पडत नाही. मास्तरांना सांग, सरांनी सांगितले म्हणून.” येथे माझी चूक झाली. ती तुमच्यापासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच शाळेत गेलो. मास्तर वयस्क गृहस्थ. उरण-पनवेल भागातल्या कोळी-आगरी लग्नांत हळदीच्या रात्री ब्रास बँड वाजवण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी वाद न घालता तो निळा माउथपीस ट्रम्पेटला लावला आणि फुंकला. सूर मेणचट निघाला, वरचे सूर तर फसफसले. “ऐकलेत प्रोफेसरसाहेब?” ते म्हणाले. मी गप्प. मग त्यांनीच माउथपीस बोटांत धरून हलवला. तो वाद्यात डगडगत होता. दांडी किंचित बारीक होती आणि फटीतून हवा निसटत होती. मास्तरांनी वहीच्या कागदाची पातळ पट्टी फाडली, दांडीभोवती एक वेढा दिला, माउथपीस पुन्हा घट्ट बसवला आणि फुंकला. या वेळी सूर स्वच्छ आला. दोष प्लॅस्टिकचा नव्हता, मापाचा होता. पण मी मापाकडे न बघताच निकाल दिला होता, आणि मास्तरांनी द्रव्याकडे बघून दिला होता. दोघेही सारखेच घाईचे!

मग आम्ही रीतसर परीक्षा घेतली. शाळेतल्या पितळी माउथपीसची आणि या निळ्या माउथपीसची मापे जवळजवळ सारखी होती. मुलगा पडद्याआड उभा राहिला. प्रत्येक वेळी कोणता माउथपीस लावायचा हे नाणे उडवून ठरवले. मास्तर पाठ करून बसले. दहा वेळा एकच धून वाजवली आणि दहा वेळा त्यांनी ओळखले, पितळ की प्लॅस्टिक. सहा उत्तरे बरोबर आली.

सहा म्हणजे निम्म्याहून जास्त, तेव्हा मास्तर जिंकले काय? थांबा. डोळे मिटून नुसते अंदाज बांधले तरी दहांपैकी पाचच्या आसपास बरोबर येतातच. दहा वेळा नाणे उडवल्यास छाप-काट्याचे एकूण १०२४ क्रम संभवतात. त्यांपैकी आठ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याचे क्रम केवळ ५६ आहेत, म्हणजे शेकडा साडेपाच. नऊ किंवा दहा बरोबर येण्याचे तर फक्त ११. म्हणून नऊ बरोबर आली असती तर मी मास्तरांपुढे कान पकडले असते. सहांवरून काहीच सिद्ध होत नाही. तसेच दहा फेऱ्यांच्या एका चाचणीवरून ‘फरक अजिबात नाही’ असेही मला म्हणता येणार नाही. एवढेच म्हणता येईल की ज्या फरकापायी मुलाला पथकाबाहेर काढायचे, तो फरक पन्नास वर्षे कानांनी कमाई केलेल्या माणसालाही सहज पकडता आला नाही.

मास्तर हसले. पण जाता जाता त्यांनी एक मार्मिक गोष्ट सांगितली: “ऐकणाऱ्याला कळले नाही, पण वाजवणाऱ्याला कळते.” ते खरेच आहे! पितळी माउथपीसचे वजन साधारण १०० ग्रॅम असते. पितळेची घनता सुमारे ८.५ आणि पॉलिकार्बोनेटची १.२ धरली, तर त्याच आकाराचा प्लॅस्टिकचा माउथपीस अवघा १४ ग्रॅमचा भरतो. हातातल्या वाद्याचा तोल बदलतो. स्पर्शही वेगळा. पितळ उष्णता प्लॅस्टिकच्या पाचशेहून अधिक पट सहज वाहून नेते. त्यामुळे जानेवारीतल्या पहाटेच्या संचलनात पितळी कड ओठांना गार लागते, प्लॅस्टिकची लागत नाही. शिवाय प्लॅस्टिकची कड काहींना निसरडी वाटते, काहींना उलट ओठ धरून ठेवणारी. वाजवणारा या संवेदनांवर आपला श्वास आणि ओठ जुळवून घेतो. म्हणून नवा माउथपीस लावल्यावर पहिले आठ दिवस त्याचा स्वर बिघडू शकतो. तो दोष सवयीचा, पण श्रोता त्याचे खापर द्रव्यावर फोडतो.

आता पितळेच्या बाजूनेही बोलले पाहिजे. तुमच्या आजीला विचारा, पितळेच्या भांड्यात ताक का ठेवायचे नाही? ती सांगेल, ते कळकते. म्हणून तर आपल्याकडे पितळेच्या भांड्यांना कल्हई करत. माउथपीसवरचा चांदीचा मुलामा हे कल्हईचेच काम करतो. मुलामा शाबूत असेल तोवर पितळी माउथपीस उत्तम. तो पिढ्यान् पिढ्या टिकतो, वाद्यात घट्ट बसतो आणि उडालेला मुलामा पुन्हा चढवताही येतो. प्रश्न येतो तो उघड्या पडलेल्या, हिरवटलेल्या पितळेचा. कातकामाला सोपे जावे म्हणून पुष्कळ पितळांत थोडे शिसेही घातलेले असते. ते रोज ओठांना लावणे शहाणपणाचे नव्हे. कोणी म्हणते, तांब्याने जंतू मरतात, मग पितळच बरे. तांब्याचा हा गुण खरा आहे, पण त्याला वेळ लागतो. एकाच्या ओठांवरून काढून दुसऱ्याच्या ओठांना लावायला मात्र दोन सेकंद पुरतात. तापाच्या पुटकुळ्यांचे विषाणू लाळेतून एकाकडून दुसऱ्याकडे जातात, तेव्हा धातूच्या पुण्याईवर विसंबून चालणार नाही.

मग सगळ्या कामांना चालेल असा प्लॅस्टिकचा एकच माउथपीस निवडायचा कसा? संचलन, प्रार्थना, स्नेहसंमेलनातले सिनेमाचे गाणे, साऱ्यांना पुरेल असा? मधला मार्ग धरावा. कड फार रुंद नको, फार अरुंद नको. वाटी खोल असेल तर स्वर जाड व मऊ, उथळ असेल तर चमकदार पण पातळ. व्हिन्सेंट बाख या कारागिराने न्यूयॉर्कमध्ये १९१८ पासून माउथपीस करायला सुरुवात केली आणि त्याची क्रमांकपद्धती पुढे जगभर पसरली. तिच्यात ‘सेव्हन-सी’, ‘फाइव्ह-सी’, ‘थ्री-सी’ हे सर्वसाधारण कामाचे मध्यम आकार. ‘सेव्हन-सी’चा आतला व्यास सुमारे १६.२ मिलिमीटर असतो. या पद्धतीत आकडा लहान तसतशी कड रुंद. जपानी यामाहाच्या आकड्यांची चाल मात्र बरोबर उलटी आहे! म्हणून आकड्यावर जाऊ नका, माप घ्या. प्रयोगशाळेतला व्हर्नियर कॅलिपर त्याचसाठी आहे.

घरच्या घरी करण्याजोग्या आणखी तीन परीक्षा सांगतो. पहिली, दांडीच्या टोकाला खालून बोट लावा आणि औषधाच्या दुकानातून सुई नसलेली नवी पिचकारी आणून तिने वाटीत काठोकाठ पाणी भरा. आतल्या पोकळीचे एकूण आकारमान घनसेंटिमीटरच्या दशांशापर्यंत मिळेल. दुसरी, माउथपीसची कड तळहातावर अलगद आपटा. ‘पॉक्’ असा आवाज येईल. हीच त्याची स्वतःची कंप्रता. पितळी आणि प्लॅस्टिकच्या सारख्या मापाच्या दोन माउथपीसांचा ‘पॉक्’ एकाच सुराचा आला, तर समजा आतल्या पोकळ्या जुळल्या. तिसरी, कडेवरून नख फिरवा आणि गळ्यातून उजेडाकडे पाहा. साच्याची रेघ किंवा प्लॅस्टिकचा कोंब दिसला तर तो माउथपीस घेऊ नका. आणि दांडी वाद्यात बसवून हलवून पाहायला विसरू नका. हे मी मास्तरांकडून शिकलो.

प्लॅस्टिकची निगा वेगळी. कोमट पाणी आणि साबण पुरे. उकळू नये, आणि नखरंग काढायचे द्रावण किंवा थिनर तर चुकूनही लावू नये. त्यातल्या अॅसिटोनमुळे पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. वारंवार घासल्याने किंवा पडल्याने कडेवर चरे उठले तर माउथपीस बदलावा.

किमतीचा मुद्दा मी मुद्दामच शेवटी ठेवला. प्लॅस्टिक स्वस्त म्हणून घ्या, असे माझे म्हणणे नाही. मेरठला जली कोठी भागात पिढ्यान् पिढ्या बँडची वाद्ये घडवली जातात. तिथला साधा पितळी माउथपीस परदेशी प्लॅस्टिकच्या माउथपीसपेक्षा स्वस्तही पडू शकतो. माझा आग्रह दुसराच आहे. शाळेत ट्रम्पेट एक असला तरी चालेल, पण माउथपीस प्रत्येक मुलाचा स्वतःचा असलाच पाहिजे. तो पितळी मुलाम्याचा असो वा प्लॅस्टिकचा. आणि कोणाही मुलाला, त्याचा माउथपीस ‘खोट्या’ द्रव्याचा आहे म्हणून रांगेबाहेर उभे करू नये.

कारण खरा-खोटा आवाज असा भेद निसर्गात नाही. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत नावारूपाला आलेले ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट १९५१ च्या ‘अलबेला’त आपल्या सी. रामचंद्रांच्या साथीला होते. त्या काळच्या ट्रम्पेटवादकांच्या ओठांशी पितळ होते हे खरे. पण त्यांची वर्षानुवर्षांची साधना पितळेने केली नव्हती. आपण मात्र वस्तूकडे पाहून माणसाची किंमत ठरवतो. चांदीच्या ताटातले अन्न अधिक पौष्टिक आणि इंग्रजी वेष्टनातले औषध अधिक गुणकारी, तसेच पितळेचे ते खरे आणि प्लॅस्टिकचे ते खेळणे. या समजुतींचे मूळ एकच आहे, न तपासता मानणे. आणि ‘विज्ञान सांगते’ म्हणून न तपासता बोलणारा माझ्यासारखा शिक्षकही त्याच पंगतीत बसतो, हे त्या डगडगणाऱ्या दांडीने मला शिकवले.

२६ जानेवारीला मी संचलन पाहायला गेलो. चार मुलांच्या पाळ्या होत्या. पहिल्याने पितळी माउथपीस लावला. तो मास्तरांनी स्वतः मुलामा चढवून आणला होता. दुसरी पाळी आमच्या मुलाची. त्याने खिशातून निळा माउथपीस काढला, दांडीला कागदाचा वेढा दिला आणि फुंकला. माझ्या शेजारी उभे असलेले पालक गाण्याबरोबर मान डोलावत होते. त्यांच्यापैकी एकानेही माउथपीसचा रंग विचारला नाही.

तुमच्या शाळेत बँड असेल, तर उद्या एवढे करा. माउथपीस किती आणि वाजवणारे किती, ते मोजा. दोन्ही आकडे सारखे नसतील, तर हा लेख तुमच्या मास्तरांना वाचायला द्या. ते म्हणतील, “पण प्लॅस्टिकचा आवाज…” तेव्हा वाद घालू नका. एक पडदा, एक नाणे आणि दहा फेऱ्या, एवढेच मागून घ्या.